मावले म्हणजे बसले नव्हेत

मोठ्या ब्रेकवाल्यांचा एक युक्तिवाद गेली काही वर्षं इतक्या ठामपणे ऐकवला जातोय, की त्याला कुणी हटकतच नाही. तो असा: कंपनी एकाच सांगाड्यावर स्वस्त आणि महाग अशी दोन्ही मॉडेलं काढते. महागाला मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर देते, स्वस्ताला पैसे वाचवायला छोटा. तेव्हा वरच्या मॉडेलचा ब्रेक भंगार बाजारातून उचलावा, आपल्या गाडीला लावावा आणि चाक आहे तेच परत चढवावं. चाक मोकळं फिरलं की काम झालं. माल कंपनीचाच, खर्च नव्याच्या पावपट, आणि गाडी जागच्या जागी उभी राहणार.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं अर्धं खरं आहे. शेवटचं साफ चूक आहे. आणि चूक असूनही ते खरं वाटतं, हीच यातली मेख. बसवून घेणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या पायाला फरक जाणवलेला असतो. तो फरक कसला, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

गाडी थांबवतो तो टायर. ब्रेक चाकाला थांबवतो, आणि चाक रस्त्याला किती घट्ट धरून ठेवणार हे ठरतं रबर आणि डांबर यांच्यात. कोरड्या, बऱ्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरची पकड गाडीच्या वजनाच्या साधारण ०.८ पट धरली, तर ताशी शंभर किलोमीटरवरून गाडी थांबायला सुमारे ४९ मीटर लागतात. या हिशेबात डिस्कचा व्यास कुठेच येत नाही, कॅलिपर येत नाही, गाडीचं वजनसुद्धा येत नाही. येतो फक्त वेग, वर्गासकट, आणि पकड. पावसाळ्यात पकड ०.५ वर आली की तेच अंतर ७९ मीटरांच्या आसपास जातं. त्या पावसात पोर्शेची डिस्क लावली तरी ७९ चे ७८ होणार नाहीत. टायर बदलला तर मात्र होतील.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की ‘आमच्या गाडीचे मूळ ब्रेक टायरच्या पकडीपर्यंत पोचतच नाहीत.’ हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. रिकामा, कोरडा, सरळ रस्ता बघा, मागे कुणी नाही याची खात्री करा, साठच्या वेगावर पेडल पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबून ठेवा. पायाखाली कडकड असा थरथराट आला, म्हणजे एबीएस जागं झालं. म्हणजेच ब्रेक टायरला हरवून बसलेत आणि संगणक त्यांना मागे खेचतोय. भारतात एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हा प्रयोग बहुतेकांना करता येईल. ज्या ब्रेकला आधीच लगाम घालावा लागतो, त्याची ताकद वाढवून अंतर कसं कमी होणार? आणि थरथराट आला नाही तर ब्रेक छोटे आहेत असं नव्हे. पॅड काचेसारखे गुळगुळीत झालेत, ब्रेक ऑइल जुनं झालंय, बूस्टरची व्हॅक्यूम नळी गळतेय, नाहीतर तुम्ही पेडल पुरेसं दाबलेलंच नाही. शेवटची शक्यता सगळ्यांत जास्त. बहुतेक चालक आयुष्यात एकदाही पेडल पूर्ण दाबत नाहीत.

मग पायाला जाणवतं ते काय? कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला की त्याच दाबावर पॅड डिस्कला जास्त जोरात आवळतो. डिस्क मोठी झाली की तोच आवळ जास्त लांबीच्या तरफेवर लागतो. परिणाम असा, की पेडल निम्म्या जोराने दाबलं तरी पूर्वीच्या पाऊण जोराइतका ब्रेक लागतो. पायाला कमी कष्ट पडतात, गाडी ‘लगेच धरते’. हा फरक खरा आहे आणि गावातल्या रहदारीत तो सुखाचाही आहे. पण तो पेडल दाबण्याच्या सुरुवातीचा फरक आहे, शेवटचा नाही. बैल अचानक आडवा आल्यावर तुमचा पाय पेडलच्या तळाशी असतो, आणि तिथे जुन्या-नव्या ब्रेकचा निकाल टायर लावतो.

शिवाय तुलनाच मुळात चुकीची झालेली असते. जुने ब्रेक म्हणजे चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चाललेले पॅड, कडेला ओठ आलेली डिस्क, तीन वर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल. नवे ब्रेक बसवताना डिस्क नवी किंवा लेथवर घासलेली, पॅड कोरे, ऑइल ताजं, एअर काढलेली. बऱ्याचदा हौसेच्या त्याच लाटेत टायरही नवे. एवढं सगळं बदलल्यावर श्रेय कॅलिपरवरच्या लाल रंगाला. मूळ मापाच्या डिस्क, चांगले पॅड आणि डॉट ४ ऑइल घालून आधी गाडी चालवून पाहावी आणि मग मोठ्या ब्रेकशी तुलना करावी, एवढी साधी मागणी केली की मंडळी विषय बदलतात.

आता खरा घोळ सुरू होतो. ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढच्या चाकांवर भार वाढतो, मागचा घटतो. म्हणून कंपनी पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी अशी बेतते, की जोरात ब्रेक लावल्यावर दोन्ही टोकं जवळपास एकाच वेळी आपल्या पकडीच्या मर्यादेला भिडावीत, पुढचं किंचित आधी. मागचं आधी लॉक झालं तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून तो किंचितपणा पुढे ठेवायचा. आता ही वाटणी तशीच ठेवून फक्त पुढचे ब्रेक वाढवले तर?

ढोबळ हिशेब मांडू. छोटी जर्मन हॅचबॅक घ्या. उभी असताना ६२ टक्के भार पुढे, वजनाच्या मध्यबिंदूची उंची दोन धुऱ्यांमधल्या अंतराच्या २२ टक्के, रस्त्याची पकड ०.८, आणि ब्रेकची वाटणी पुढे ८०, मागे २०. ही वाटणी या रस्त्याला जवळपास तंतोतंत जमते. पुढचं चाक लॉक व्हायच्या क्षणी गाडीचा मंदावण्याचा वेग ०.७९५ जी असतो आणि शंभरवरून अंतर साडेएकोणपन्नास मीटर. आता २५६ मिलिमीटरच्या डिस्कऐवजी त्याच जर्मन घराण्याची २८८ ची डिस्क लावा आणि ४८ च्या पिस्टनऐवजी ५४ चा. पिस्टनचं क्षेत्रफळ २७ टक्क्यांनी वाढलं, पॅडची सरासरी त्रिज्या साधारण १४ टक्क्यांनी. एकत्र धरून पुढचा ब्रेक सुमारे ४५ टक्क्यांनी ताकदवान. वाटणी झाली पुढे ८५, मागे १५. आता पुढची चाकं ०.७३ जीलाच लॉक होतात, कारण मागच्या चाकांना त्यांचा वाटा उचलायची संधीच मिळत नाही. शंभरवरून अंतर साडेत्रेपन्न मीटर. चार मीटर जास्त. म्हणजे अख्ख्या हॅचबॅकची लांबी.

हे एबीएस नसलेल्या गाडीचं गणित आहे, आणि जुन्या, एबीएस नसलेल्या गाड्यांवरच हा प्रयोग जास्त चालतो. एबीएस असेल तर ते पुढची चाकं सांभाळून घेतं, चालक पेडल दाबत राहिला की मागचा दाबही चढत जातो, आणि अंतर बहुतेक पूर्वीइतकंच राहतं. तोटा भरून निघाला, फायदा मात्र शून्य. त्यातही एबीएसचा संगणक ज्या कॅलिपरच्या सवयीने घडवलेला आहे, तो कॅलिपर आता तिथे नाही. दाब इतका सोडला की ब्रेक इतका ढिला होतो, अशी जी गणितं त्यात भरलेली असतात, ती सगळी २५६ ची असतात. एका पायरीत दाब वाढवला की आता ब्रेक दीडपट उडी मारतो. खडबडीत रस्त्यावर ही तफावत आधी दिसते.

प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे: फक्त पुढचे ब्रेक वाढवण्यात चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूची चूक आहे. गाडी सरळ जाईल, लांब जाईल, पण फिरणार नाही. उलट फक्त मागचे वाढवले तर चूक जीवघेण्या बाजूची.

म्हणूनच मागच्या डिस्कचं वेड मला जास्त खटकतं. २०१७ मध्ये आलेल्या बलेनो आरएसला मागेही डिस्क होत्या, आणि तेव्हापासून ‘आरएसचा मागचा ब्रेक’ हे मारुतीवाल्यांचं स्वप्न होऊन बसलंय. अलॉयच्या जाळीतून ड्रम दिसला की यांना कमीपणा वाटतो. पण जोरात ब्रेक लावताना मागच्या चाकांचा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यासाठी ड्रम पुरून उरतो. तो फिरत्या चाकाच्या जोरावर स्वतःच आणखी आवळतो, चिखल आत घेत नाही आणि हँडब्रेकला डिस्कपेक्षा सोपा असतो. मागे डिस्क लावायची तर हँडब्रेकचा कॅलिपर वेगळा, केबल वेगळी, तिची लांबी वेगळी. चढावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढल्यावर ती सावकाश मागे सरकू लागते, तेव्हा या सगळ्याचा अर्थ कळतो.

आता मोठ्या ब्रेकवाल्यांची बाजू. ती आहे, आणि भक्कम आहे, फक्त ती मांडतात ते वेगळ्याच मुद्द्यावर. मोठी डिस्क गाडी लवकर थांबवत नाही, पण उशिरा तापते. मोठं पातेलं उशिरा तापावं तसं. माणसं आणि सामान धरून १,३०० किलोची गाडी शंभरवर असते तेव्हा तिच्यात सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा असते. थांबताना ती सगळी उष्णता होते, आणि तिचा पाऊण हिस्सा पुढच्या दोन डिस्कमध्ये जातो. पाच किलोची बिडाची डिस्क एका थांब्यात साधारण ऐंशी अंशांनी तापते. हे काहीच नाही. पण महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. हजार मीटरहून जास्त उतार. नुसते हजार मीटर धरले तरी त्याचे सव्वा कोटीहून जास्त ज्यूल होतात, म्हणजे शंभरवरून पंचवीस वेळा थांबण्याइतकी ऊर्जा. हवेचा आणि टायरचा विरोध त्यातली काही खातो, बाकीची इंजिनने नाहीतर ब्रेकने खायची.

इथे गिअर न्यूट्रलला टाकून, पाय पेडलवर ठेवून उतरणाऱ्याच्या डिस्क धगधगतात, पॅडमधला बाइंडर जळून वास सुटतो, पकड घटते. त्याहून वाईट म्हणजे ती उष्णता पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ४ ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या खाली उकळत नाही, असं मानक सांगतं. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ला तर २०५ आणि १४०. कोकणातला एक पावसाळा ऑइलला पाणी पाजायला पुरे. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते, आणि पेडल निमूट तळाला जातं. ब्रेक फेल झाला म्हणून घाटातल्या बातम्या येतात, त्यांतल्या कितीएक गोष्टी याच रस्त्याने जात असणार.

मोठी डिस्क इथे खरोखर मदत करते. जास्त वजन, जास्त पृष्ठभाग, मधल्या पोकळीतून जास्त हवा. १९५३ च्या ल मां शर्यतीत जॅग्वार सी-टाइप डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली, तेव्हा तिची मात कुठल्या एका थांब्यात नव्हती. सहा किलोमीटरच्या आसपासच्या मुल्सान सरळ रस्त्याच्या टोकाला, दर फेरीला, चोवीस तास तोच ब्रेक तसाच लागत राहिला. ड्रमवाल्यांना मात्र लवकर पाय उचलावा लागत होता. मोठ्या ब्रेकचं सगळं तत्त्वज्ञान त्या शर्यतीत आहे: पहिल्या थांब्यात फरक नाही, पन्नासाव्यात आहे. तेव्हा कोइमतूरच्या करी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला फेऱ्या मारणाऱ्याने मोठे ब्रेक बसवले तर मला काही म्हणायचं नाही. दर शनिवारी भरलेली गाडी घाट उतरवणाऱ्यालाही नाही. पण पुण्याच्या कर्वे रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्याला पन्नासाव्या थांब्याची फिकीर कशाला? त्याची डिस्क हात भाजण्याइतकी तापते, त्याहून जास्त नाही. आणि घाटवाल्यानेही आधी दुसरा-तिसरा गिअर वापरावा, दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं. पाचशे-हजार रुपयांत होणारं हे काम टाळून तीस हजारांचा कॅलिपर आणणाऱ्याला घाटाची काळजी आहे, यावर माझा विश्वास बसत नाही.

राहिला चाकाचा मुद्दा. ‘मूळ चाकातच मावतं’ ही या सगळ्या प्रकारातली सगळ्यांत मोठी जाहिरात. चौदा इंची चाकाची टायर बसण्याची कड साधारण ३५५ मिलिमीटर व्यासाची. आतला पोकळ भाग त्याहून वीसपंचवीस मिलिमीटरने कमी. २८८ च्या डिस्कवर कॅलिपरची पाठ आणखी पंचवीसेक मिलिमीटर वर येते. ती चौदात मावत नाही, पंधरा लागतात. ३१२ ला सोळा. इथवरचं सगळ्यांना पाठ असतं. पण मावणं दोन दिशांनी असतं: कॅलिपरची पाठ चाकाच्या आतल्या भिंतीला लागू नये, आणि त्याची बोटं आऱ्यांना लागू नयेत. दुसरी गोष्ट चाकाच्या इंचांवरून कळत नाही. ती आऱ्यांचा आकार आणि चाकाचा ऑफसेट यांवर असते. म्हणून एकाच मापाच्या दोन अलॉयपैकी एकात ब्रेक मावतो, दुसऱ्यात घासतो.

गॅरेजमधली तपासणी कशी होते ते बघा. गाडी जॅकवर. कॅलिपर लटकवला, दोन बोल्ट आवळले, चाक चढवलं, हाताने फिरवलं. फिरलं. ‘मोकळं आहे साहेब.’ त्या फटीत वर्तमानपत्राचा कागद दुमडून घालून बघितला तरी पुष्कळ काळजी घेतली म्हणायची. आता हा कॅलिपर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आला, नाहीतर दिल्लीच्या मायापुरीतून किंवा चेन्नईच्या पुदुपेटमधून. त्यात पॅड आहेत ते झिजलेले. सरकत्या कॅलिपरची बाहेरची बोटं बाहेरच्या पॅडच्या पाठीवर टेकलेली असतात. पॅड झिजला की बोटं आत जातात, आऱ्यांपासून लांब. म्हणजे झिजलेल्या पॅडवर तपासलं तर फट दिसते ती फसवी. सहा महिन्यांनी नवे पॅड घातले की बोटं सहा-सात मिलिमीटर बाहेर येतात आणि आऱ्यांना भिडतात. ज्याने पॅड बदलले त्या बिचाऱ्या मेकॅनिकला कळत नाही, की काल नीट चालणारं चाक आज खरवडतंय कशाने.

कागदाएवढी फट उभ्या गाडीत पुरते. चालत्या गाडीत वळणावर चाक किंचित वाकतं, बेअरिंगचा खेळ त्यात मिसळतो. आतल्या भिंतीला चिकटवलेली बॅलन्सची वजनं असतात, ती कॅलिपर खरवडून काढतो आणि मग नव्वदला स्टिअरिंग का थरथरतं म्हणून अलाइनमेंटवाल्याला दोष दिला जातो. पावसाळ्यात दोन मिलिमीटरच्या फटीत खडा अडकला तर तो चाकाच्या आत गोल चर कोरत बसतो.

आणि फट मिळाली नाही तर? तर दोन उपाय आहेत आणि दोन्ही मी पाहिलेत. पहिला, चाक बाहेर ढकलायला पाच मिलिमीटरची चकती. बऱ्याच जर्मन गाड्यांना चाकाचे बोल्ट असतात, एम १४ मापाचे, दीड मिलिमीटर आट्यांचे. पाच मिलिमीटर चकतीने तीनहून जास्त आटे हबमधून बाहेर येतात, बोल्ट तेच. चाकाचा मध्य ज्या कडेवर बसतो ती कडही आखूड पडते. दुसरा उपाय ग्राइंडर. कॅलिपरचा कोपरा घासून टाकायचा. ‘थोडासाच’. हार्ड ब्रेकिंगला नळीत १०० बार दाब आला, तर ५४ च्या पिस्टनवर सव्वादोन टनांहून जास्त जोर येतो. हा जोर डिस्कच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेतो तो कॅलिपरचा तोच पूल, ज्याचा कोपरा उडाला. ओतकामाच्या त्या वळणात किती धातू कुठे ठेवायचा, हे ठरवायला कुणीतरी वर्षं घालवलेली असतात. ग्राइंडरला ते दोन मिनिटांत कळतं.

याच पिस्टनवर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे आणि ती मात्र कुणीच तपासत नाही. मोठा पिस्टन म्हणजे त्याच हालचालीला जास्त ऑइल. मास्टर सिलिंडर तोच राहिला तर पेडल जास्त खोल जातं. रोजच्या वापरात ते चालून जातं. पण मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र कप्पे असतात, बहुतेक छोट्या गाड्यांत तिरकस वाटणीचे: पुढचं डावं आणि मागचं उजवं एकात, उरलेली दोन दुसऱ्यात. एका कप्प्याची नळी फुटली तरी दुसरा गाडी थांबवतो; हा कायद्याने अपेक्षित असलेला शेवटचा आधार. मात्र फुटलेल्या कप्प्याचा पिस्टन आधी आपला सगळा प्रवास संपवतो, मग दुसऱ्यात दाब चढतो. तोवर पेडल बरंच खाली गेलेलं असतं. कंपनीने उरलेला प्रवास मूळ कॅलिपर भरायला पुरेल इतकाच, थोडी सूट देऊन ठेवलेला असतो. त्या सुटीत २७ टक्के जास्त ऑइल मागणारा पिस्टन बसवला, तर नळी फुटलेल्या दिवशी पेडल फळीला टेकेल आणि दुसरा कप्पा अर्धाच भरलेला असेल. या दिवसाची चाचणी गॅरेजमध्ये होत नाही. कंपनीच्या गाडीची होते. गार ब्रेकची वेगळी, तापलेल्या ब्रेकची वेगळी, एक कप्पा निकामी करून वेगळी. या कामासाठी पुण्यात एआरएआयसारखी संस्था १९६६ पासून उभी आहे.

‘पण वरच्या मॉडेलला हाच ब्रेक कंपनीनेच दिलाय ना?’ दिलाय. आणि त्याबरोबर मास्टर सिलिंडर, बूस्टर, मागचे ब्रेक, एबीएसचा संगणक यांतलं बरंच काही वेगळं दिलंय. पार्ट नंबर तपासा. कंपनी पैसे वाचवते हे खरंच आहे, ती काही धर्मादाय संस्था नाही. पण वाचवते म्हणून कमी देते, आणि कमी दिलेलं आपण परत जोडू शकतो, या दोन गोष्टींमध्ये ती यादी उभी आहे. सबंध यादी उचलून आणणारा माणूस मला मान्य आहे. तो क्वचितच सापडतो, कारण सबंध यादीचा खर्च जोडला की वरचं मॉडेलच जुनं विकत घेणं परवडतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीमधल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकच लावला. मंडळी म्हणतात, आरसीत डिस्कचं माप लिहिलेलं नसतं. बरोबर. पण २०१९ च्या दुरुस्तीने बदललेलं कलम १८२-अ सुट्या भागांच्या परवानगीबाहेरच्या रेट्रोफिटिंगलाही हात घालतं: प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चौकातला हवालदार कॅलिपर मोजणार नाही, हे मलाही माहीत आहे. अपघातानंतर येणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र मोजू शकतो, आणि न कळवलेला बदल सापडला की दावा अडवायला त्याला आयतं निमित्त मिळतं.

एवढं ऐकूनही ज्याला बसवायचेच आहेत, त्याने किमान इतकं करावं. कॅलिपर उघडून पिस्टनचं सील आणि सरकत्या पिनांची रबरं नवी टाकावीत. भंगारातून आलेला कॅलिपर कोरड्या पिनांवर एकीकडूनच पॅड खातो. मास्टर सिलिंडरचं माप वरच्या मॉडेलशी ताडून पाहावं, जमत नसेल तर तोही बदलावा. फट नव्या पॅडवर तपासावी, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन, चाक लटकतं ठेवून होज पाइप ताणला जात नाही ना हे बघावं. पॅड बसल्यावर शेदोनशे किलोमीटर सौम्य ब्रेकवर गाडी चालवून ते मुरवावेत, नंतरच जोराची ट्रायल घ्यावी. आणि गाडी विकताना नव्या मालकाच्या हातात एक कागद द्यावा: कुठल्या मॉडेलचा, कुठल्या सालचा ब्रेक, डिस्क किती, पिस्टन किती, पॅडचा नंबर काय. नाहीतर तो सर्व्हिस सेंटरला जाईल, काउंटरवरचा माणूस चासी नंबर टाकेल, आणि संगणक त्याला २५६ चे पॅड काढून देईल.